चेंडू फिरत नाही, तरी वळतो कसा?

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात वर्ल्डकप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. आमचं घर ब्राझीलचं. पेले, झिको, रोनाल्डो ही नावं लहानपणापासून कानांवर आहेत. पण अलीकडे जुने सामने पाहताना ज्युनिन्हो पर्नाम्बुकानो नावाच्या मिडफिल्डरच्या फ्री किक पाहिल्या आणि थक्क झालो. चेंडू स्वतःभोवती फिरताना दिसत नाही, तरी हवेत आधी एकीकडे, मग दुसरीकडे सरकतो आणि गोलजवळ येऊन खाली कोसळतो. हे होतं कसं? आणि एवढा मोठा खेळाडू आमच्या तालमीतल्या जाणत्या मंडळींनाही फारसा माहीत कसा नाही?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण हा माणूस कुठून आला आणि कुठे पोचला हे कळलं की त्याच्या फ्री किककडे पाहायची नजरच बदलते.

अन्तोनियो आउगुस्तो रिबेइरो रेइस ज्युनियर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म 30 जानेवारी 1975 चा, ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेसिफे शहरातला. हे शहर पर्नाम्बुको राज्याची राजधानी आहे. ब्राझीलचं फुटबॉल म्हटलं की आपल्याला रिओ आणि साओ पावलो आठवतात, आणि ते साहजिक आहे. पैसा, मोठे क्लब, वर्तमानपत्रं सगळं तिकडेच. रेसिफेच्या पोराला देशात नाव काढायचं तर दक्षिणेकडे जावंच लागतं. हा आधी गावच्या स्पोर्ट क्लब दो रेसिफेकडून खेळला, 1994 मध्ये राज्याचं अजिंक्यपद मिळवलं आणि 1995 मध्ये, विशीत, रिओच्या वास्को द गामा क्लबात गेला. गोव्यातल्या वाचकांना हे नाव घरचं वाटेल. वास्को द गामा भारतात पोचला त्याला 1898 मध्ये चारशे वर्षं झाली. रिओत स्थायिक झालेल्या पोर्तुगीज मंडळींनी त्याच वर्षी हा क्लब काढला, तोही आधी फुटबॉलसाठी नव्हे, होड्यांच्या शर्यतींसाठी.

वास्कोत तो सहा वर्षं होता आणि ती सोन्याची वर्षं होती. 1997 ला ब्राझीलचं राष्ट्रीय विजेतेपद, आणि 1998 ला, क्लबाच्या शताब्दीच्या वर्षी, दक्षिण अमेरिकेतली सगळ्यांत मोठी स्पर्धा, कोपा लिबर्तादोरेस. त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत वास्कोचा परतीचा सामना ब्युनॉस आयर्समध्ये रिव्हर प्लेटच्या मैदानावर होता. वास्को एका गोलनं मागे होता. बदली खेळाडू म्हणून आलेल्या ज्युनिन्होनं खूप लांबून घेतलेली फ्री किक थेट जाळ्यात घातली, सामना 1–1 सुटला आणि वास्को अंतिम फेरीत पोचला. त्या गोलवर रचलेलं गाणं वास्कोचे प्रेक्षक आजही म्हणतात. एका उपांत्य सामन्यातला बरोबरीचा गोल लोक पिढ्यान्पिढ्या गातात, यावरून तो तिथे काय होता ते लक्षात यावं. त्याच वर्षाच्या अखेरीस टोकियोत रिअल माद्रिदविरुद्ध जागतिक क्लब विजेतेपदाचा सामना झाला. वास्को 2–1 असा हरला; वास्कोचा एकमेव गोल ज्युनिन्होचा होता.

पण क्लबाच्या पदाधिकाऱ्यांशी त्याचं बिनसलं. 2001 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, कित्येक महिने तो मैदानाबाहेर राहिला. ब्राझीलमध्ये तोवर करार संपला तरी खेळाडूचा हक्क क्लबाकडेच राहायचा. पेले क्रीडामंत्री असताना तयार झालेल्या आणि त्याच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या 1998 च्या कायद्यानं हा जाच मोडला, आणि त्यातली मुख्य तरतूद अमलात आली ती नेमकी 2001 मध्ये. ज्युनिन्हो मोकळा झाला आणि फ्रान्सच्या ऑलिंपिक लिऑनेला कुणालाही हस्तांतराची रक्कम न देता मिळाला. फुटबॉलच्या बाजारात ह्याहून फायद्याचा सौदा मला तरी आठवत नाही.

त्याचं वय तेव्हा 26 होतं. हा तपशील महत्त्वाचा आहे. रोनाल्डो 17 व्या वर्षी हॉलंडला गेला, रोनाल्डिन्हो 21 व्या वर्षी पॅरिसला, काका 21 व्या वर्षी मिलानला. ज्युनिन्हो युरोपात उतरला तो तयार गडी म्हणून. घडायला म्हणून नाही.

लिऑनचीही तेव्हाची स्थिती समजून घ्या. सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या जाँ-मिशेल ओलास यांनी 1987 मध्ये हा क्लब हाती घेतला तेव्हा तो दुसऱ्या विभागात होता. 2001 पर्यंत लिऑननं फ्रान्सची लीग एकदाही जिंकलेली नव्हती. एकदाही! ज्युनिन्होच्या पहिल्याच मोसमात शेवटच्या दिवशी, 4 मे 2002 ला, लिऑनच्या जेर्लां स्टेडियमवर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ समोरासमोर आले. लाँस एका गुणानं पुढे होता. लिऑननं त्यांना 3–1 हरवलं आणि पहिलं विजेतेपद घेतलं. त्यानंतर 2008 पर्यंत दर वर्षी विजेतेपद लिऑनचंच. सलग सात. त्याआधी फ्रान्समध्ये सलग चारच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि सातचा हा विक्रम अजून कुणाला गाठता आलेला नाही.

ह्या सात वर्षांत प्रशिक्षक चार झाले : सांतिनी, ल ग्वेन, उल्ये, पेरँ. एसियन तयार झाला आणि चेल्सीला विकला गेला. महामादू दियारा रिअल माद्रिदला, मालूदा चेल्सीला. बेन्झेमा पोरसवदा होता तो ह्याच काळात मोठा झाला. माणसं येत होती, जात होती, क्लब पैसे कमवत होता, आणि मधल्या फळीत 8 नंबरची जर्सी घातलेला एक माणूस जागचा हलत नव्हता. लिऑनसाठी त्यानं बरोबर 100 गोल केले. त्यातले 44 थेट फ्री किकवरचे.

मग आपल्याकडे नाव का नाही? पहिलं कारण साधं आहे : आपल्या टीव्हीवर इंग्लंड आणि स्पेन दिसायचं, फ्रान्सची लीग क्वचित. दुसरं कारण त्याच्या नशिबाचं आहे. भारतात ब्राझीलचे खेळाडू लोकांच्या तोंडी येतात ते वर्ल्डकपमुळे. 2002 मध्ये ब्राझीलनं वर्ल्डकप जिंकला तेव्हा संघात एक ज्युनिन्हो होता खरा, पण तो साओ पावलोचा, ज्युनिन्हो पॉलिस्ता. दोघं वास्कोत काही काळ एकत्र खेळले होते, आणि नावांचा घोळ होऊ नये म्हणूनच राज्यावरून ओळखले जात. आपला रेसिफेचा ज्युनिन्हो त्या संघात नव्हता. त्याच्या वाट्याला एकच वर्ल्डकप आला, 2006 चा. जपानविरुद्ध डॉर्टमुंडला त्यानं लांबून मारलेला चेंडू हवेत असा काही सरकला की गोलरक्षक कावागुची हात लावूनही थांबवू शकला नाही. पण उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सनं ब्राझीलला 1–0 हरवलं आणि त्यानंतर त्यानं देशाची जर्सी उतरवली ती कायमची. एकूण सामने 40. ज्या मिडफिल्डरला 2006 मध्ये फ्रान्सच्या खेळाडूंनी मतदान करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, त्याला ब्राझीलनं ह्यापेक्षा जास्त वापरायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चेंडूकडे वळू.

नेहमीची वळणारी फ्री किक फिरकीवर चालते. पायाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूनं चेंडूला कडेला मारलं की तो स्वतःभोवती गरगरत पुढे जातो. त्याच्याभोवतीची हवा एका बाजूला त्याच्याबरोबर ओढली जाते, दुसऱ्या बाजूला अडखळते. चेंडूच्या मागे सुटणारा हवेचा प्रवाह एका अंगाला झुकतो आणि चेंडू उलट्या अंगाला ढकलला जातो. ह्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. ह्या प्रकारातली जगात सगळ्यांत जास्त पाहिली गेलेली फ्री किक म्हणजे रोबेर्तो कार्लोसची, 3 जून 1997 ला फ्रान्सविरुद्ध मारलेली. चेंडू बचावपटूंच्या भिंतीच्या बराच बाहेरून गेला आणि परत आत वळून खांबाला लागून जाळ्यात शिरला. तो सामना झाला होता लिऑनच्या जेर्लांवरच. चार वर्षांनी त्याच मैदानावर दुसरा ब्राझिलियन येऊन त्याच्या नेमकं उलट काहीतरी करणार होता, हा योगायोग मला फार आवडतो.

फिरकीच्या किकचं एक असतं : वळण सुरू झालं की ते त्याच दिशेनं चालू राहतं. मुरलेला गोलरक्षक चेंडू निघताना पाहूनच तो कुठे येईल ह्याचा अंदाज बांधतो. ज्युनिन्होनं हा अंदाजच काढून घेतला. त्याच्या गाजलेल्या किकमध्ये चेंडूला फिरकी जवळजवळ नसते. धावत्या चेंडूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहत असतो आणि मागच्या बाजूला कुठेतरी तो चेंडूपासून सुटतो. फिरकी असेल तर ही सुटायची जागा ठरलेली राहते. फिरकी नसेल तर ती डळमळते. चेंडूवरची शिवण कुठे आहे, चेंडू किंचित किती कलला आहे, एवढ्याशा गोष्टींवर थर डावीकडे आधी सुटतो, क्षणात उजवीकडे. प्रत्येक वेळी चेंडूला बाजूचा छोटा धक्का बसतो आणि त्या धक्क्याची दिशा उड्डाणाच्या मध्येच बदलते. तुम्हाला चेंडू आधी एकीकडे, मग दुसरीकडे सरकताना दिसला तो ह्यामुळे.

आणि शेवटचं कोसळणं? त्यालाही हाच थर जबाबदार आहे. चेंडू खूप वेगात असतो तेव्हा थरातली हवा खळबळलेली असते. अशी हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, मागची पोकळी लहान राहते आणि हवेचा विरोध कमी पडतो. वेग एका मर्यादेखाली आला की थर शांत होतो, लवकर सुटतो, आणि विरोध एकाएकी वाढतो. चेंडूचं पुढे जाणं मंदावतं, खाली येणं मात्र थांबत नाही. गोलरक्षकाला वाटतं, हा डोक्यावरून जाणार. तो पोटाशी येतो.

ही मर्यादा किती हे चेंडूच्या बनावटीवर ठरतं. नासाच्या एम्स केंद्रातले रबी मेहता हे मूळचे क्रिकेटच्या चेंडूचा स्विंग उलगडून दाखवणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या गटानं फुटबॉलही वाऱ्याच्या बोगद्यात तपासले. जुन्या 32 तुकड्यांच्या चेंडूचं हे डळमळणं सगळ्यांत जास्त होतं ते साधारण ताशी 50 किलोमीटरच्या आसपास. 2010 च्या वर्ल्डकपमधल्या आठ तुकड्यांच्या गुळगुळीत जाबुलानीचं साधारण 80 च्या आसपास. म्हणजे जाबुलानी साध्या जोरदार फटक्यालाही डळमळायचा, आणि गोलरक्षकांनी त्याच्या नावानं बोटं मोडली ती उगीच नाही. ज्युनिन्होची सगळ्यांत चांगली वर्षं त्याच्या आधीची. अवघड चेंडूतून त्यानं हे काढलं, ही त्याची खरी थोरवी.

आपल्याला हे सगळं क्रिकेटमधून ओळखीचं वाटायला हरकत नाही. 2011 च्या वर्ल्डकपमध्ये श्रीरामपूरच्या झहीर खाननं बोटांच्या पेरांवर चेंडू धरून टाकलेला नकल बॉल आठवा. तिथे मुख्य हेतू वेग चोरण्याचा होता, पण चेंडूची नेहमीची फिरकी घालवायची ही कल्पना तीच.

आता एक किक जवळून पाहू. 5 नोव्हेंबर 2003, म्युनिक, चॅम्पियन्स लीग, समोर बायर्न आणि गोलमध्ये ऑलिव्हर कान. सामना सुरू होऊन सहाच मिनिटं झाली आहेत. चेंडू गोलपासून चांगलाच दूर आहे. ज्युनिन्हो सरळ रेषेत धावत येतो, कमरेतून फार वाकत नाही, आणि चेंडू भिंतीवरून उचलला जातो. 30 मीटरचं अंतर आणि सरासरी ताशी 90 किलोमीटर वेग धरला तर सगळा प्रवास सव्वा सेकंदाचा. त्यातलं पहिलं अंतर, भिंतीच्या 9.15 मीटरपर्यंतचं, गोलरक्षकाला बऱ्याचदा माणसांआडून पाहावं लागतं. उरला पाऊण सेकंदाहून जेमतेम जास्त वेळ. कान हलतो, मग चेंडू त्याला वाटला तिथे नाही हे त्याला कळतं, तो मागे झेपावतो आणि खांबावर आदळतो. चेंडू आत. त्या वेळी जगातल्या पहिल्या दोन-तीन गोलरक्षकांत गणला जाणारा माणूस खांबाला धडकून जाळ्यात पडलेला दिसतो. तो सामना लिऑननं 2–1 जिंकला, आणि दुसरा गोल कुणाचा होता माहीत आहे? एल्बेरचा, जो काही महिन्यांपूर्वीपर्यंत बायर्नकडूनच खेळत होता.

ही किक मारायची कशी हे कोडं आंद्रेआ पिर्लोलाही पडलं होतं. पिर्लो म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. इटलीचा, 2006 चा विश्वविजेता, स्वतः फ्री किकचा उस्ताद. त्यानं आत्मचरित्रात लिहिलं आहे की ज्युनिन्होच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत तो पुन्हा पुन्हा पाहत असे, सरावात तसं मारायला जाई आणि चेंडू भलतीकडे जाई. शेवटी त्याच्या लक्षात आलं की सगळी गंमत पाय चेंडूला कुठे लागतो त्यात आहे : पूर्ण पाऊल नाही, फक्त तीन बोटं, चेंडूच्या खालच्या अंगाला, पाय शक्य तितका सरळ. हे उमगल्यावर तो ती किक मारू लागला. मोठा खेळाडू दुसऱ्या मोठ्या खेळाडूचा असा अभ्यास करतो आणि तो लेखी कबूल करतो, हे वाचायला फार चांगलं वाटतं.

मात्र एक गैरसमज दूर करतो. ज्युनिन्हो एकच किक मारत नसे. फेब्रुवारी 2009 मध्ये बार्सिलोनाविरुद्ध त्यानं डाव्या कडेनं, जिथून सगळे चेंडू गर्दीत टाकतात, तिथून उंच किक घेतली आणि ती गोलरक्षक वाल्देसच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात पडली. कधी तो गोलरक्षकाच्या पुढ्यात टप्पा पाडायचा, कधी साधी फिरकीची किक भिंतीवरून वळवायचा. गोलरक्षक कशासाठी तयार आहे ते तो आधी बघत असे. सगळे क्लब धरून त्याच्या फ्री किकचे गोल किती ह्यावर मोजणाऱ्यांचं एकमत नाही, पण आकडा सत्तरीच्या पुढे धरतात.

ही परंपरा ब्राझीलमध्ये जुनी आहे, हेही सांगायला हवं. 1950 च्या दशकात दिदी नावाचा मिडफिल्डर चेंडू असा मारायचा की तो वाळलेल्या पानासारखा मध्येच खाली यायचा, आणि त्या किकला तिथे तेच नाव पडलं. 1957 मध्ये माराकानावर पेरूविरुद्धच्या त्याच्या अशा गोलनं ब्राझीलला 1958 च्या वर्ल्डकपचं तिकीट मिळालं. दिदीही पुढे युरोपात गेला, रिअल माद्रिदला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही आणि तो लवकर परतला.

प्रश्न : ज्युनिन्हो एकाच दिवशी दोन देशांत दोन सामने खेळला असं ऐकलं. खरं आहे का? (मडगाव)

उत्तर : खरं आहे. तारीख 7 सप्टेंबर 1999, ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन. पोर्तो अलेग्रीत ब्राझीलनं अर्जेंटिनाला 4–2 हरवलं. त्यात तो शेवटी बदली खेळाडू म्हणून उतरला. सामना संपताच विमानानं उरुग्वेतल्या माँतेविदेओला गेला, आणि वास्को द गामाच्या नासिओनालविरुद्धच्या कोपा मर्कोसूर सामन्यात उत्तरार्धात खेळला. असं करणारा तो एकटा नाही. 1987 मध्ये मार्क ह्यूजनं प्रागमध्ये वेल्सकडून खेळून त्याच संध्याकाळी म्युनिकमध्ये बायर्नसाठी बूट चढवले होते. ज्युनिन्होच्या बाबतीत ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात, पण मला त्यात तेव्हाच्या ब्राझिलियन वेळापत्रकाची क्रूरता दिसते. राष्ट्रीय संघ आणि क्लब एकाच दिवशी एकाच माणसावर हक्क सांगतात आणि माणूस बिचारा दोन्हीकडे जातो. चांगले ब्राझिलियन खेळाडू युरोपात जायला उतावीळ का असतात, ह्याचं पैशाखेरीजचं एक कारण इथे आहे.

प्रश्न : एवढं कौशल्य असून तो रिअल माद्रिद, बार्सिलोना, मिलान अशा बड्या क्लबात का गेला नाही? की फ्री किक सोडली तर त्याच्यात विशेष काही नव्हतं? (पुणे)

उत्तर : दुसऱ्या वाक्याशी मी सहमत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

फ्री किकचे गोल चित्रफितीत सहज कापून दाखवता येतात. मधल्या फळीतलं काम कापून दाखवता येत नाही. लिऑन बहुतेक वेळा मध्यभागी तिघांना खेळवत असे. एक जण, दियारा किंवा पुढे तुलालाँ, बचावाच्या पुढ्यात उभा. दुसरा, एसियन किंवा तियागो, सगळीकडे धावणारा. आणि तिसरा ज्युनिन्हो, खेळाची गती ठरवणारा. त्याच्याकडे चेंडू आला की संघाला दम घ्यायला मिळायचा. लांबचा पास तो दोन्ही बाजूंच्या पंखांवर नेमका टाकायचा. कोपऱ्याची किक, कडेची फ्री किक, सगळं त्याच्याच पायांतून. आणि तो धावायचाही भरपूर. ब्राझीलच्या मिडफिल्डरविषयी आपल्याकडे एक ठोकळ समजूत आहे की हा नाचणारा, नखरेल, बचावाला हात न लावणारा माणूस. ज्युनिन्हो तसा नव्हता. त्याच्या अंगात ड्रिबलिंगची जादूही फार नव्हती, वेग तर बेताचाच होता. त्याच्याकडे अंतराचा अंदाज होता. पन्नास मीटरवरच्या साथीदाराच्या पुढच्या पावलावर चेंडू ठेवणारी नजर आणि भिंतीपलीकडच्या कोपऱ्याचा वेध घेणारी नजर मुळात एकच आहे. उत्तम मिडफिल्डर होता म्हणून तो असा फ्री किक मारणारा झाला, असं मी मानतो.

आता बडे क्लब. चॅम्पियन्स लीगमध्ये लिऑन 2004, 2005 आणि 2006 अशी सलग तीन वर्षं उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि अनुक्रमे पोर्तो, पीएसव्ही आणि मिलानकडून हरला. सप्टेंबर 2005 मध्ये त्यांनी रिअल माद्रिदला जेर्लांवर 3–0 उडवलं होतं, त्यात ज्युनिन्होचा गोल होता. अशा संघात तो मध्यवर्ती माणूस होता. रिअलमध्ये झिदान आणि बेकहॅम उभे असताना फ्री किक कुणी घ्यायची इथपासून वाद झाला असता. शिवाय ओलास यांचं धोरण असं की तरुण खेळाडू वाढवायचे, चढ्या भावात विकायचे, आणि संघाचा कणा मात्र जपायचा. तिशी गाठलेला, दर वर्षी विजेतेपद मिळवून देणारा, फुकट आलेला खेळाडू त्यांनी कशाला सोडावा? त्याच्याभोवती ब्राझिलियनांची एक छोटी वस्तीच झाली होती : त्याच्या आधी आलेले सॉनी आंदेर्सन, एडमिल्सन, कासापा, नंतर क्रिस, फ्रेड. परक्या देशात आठ वर्षं टिकायला ही गोष्ट किती लागते, हे दुबईला किंवा जर्मनीला नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

चॅम्पियन्स लीगचं पदक त्याच्याकडे नाही, ही उणीव आहे आणि ती मी झाकत नाही. पण एखाद्या क्लबाच्या इतिहासाचे सरळ दोन भाग पडावेत, एक त्याच्या आधीचा आणि एक नंतरचा, एवढं काम युरोपात गेलेल्या फार थोड्या ब्राझिलियनांनी केलं आहे.

प्रश्न : लिऑन सोडल्यावर त्याचं काय झालं? (ठाणे)

उत्तर : मे 2009 मध्ये त्यानं कां संघाविरुद्ध लिऑनसाठी शंभरावा गोल केला आणि क्लबाचा निरोप घेतला. त्या मोसमात विजेतेपद बोर्दोला गेलं आणि सातांची साखळी तुटली. तिथून तो कतारच्या अल-गराफात गेला आणि तिथेही लीग जिंकली. 2011 मध्ये वास्कोत परतला, आणि कराराची मुख्य अट त्यानं स्वतः घातली : पगार ब्राझीलच्या कायद्यातल्या किमान वेतनाएवढा, बाकी जे मिळेल ते कामगिरीवर. परतल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात, कोरिंथियन्सविरुद्ध, सुरुवातीच्या मिनिटांतच फ्री किकवर गोल केला. ज्या क्लबाशी कोर्टात भांडून तो गेला होता, त्याच क्लबासाठी. मधे थोडा काळ न्यूयॉर्कला तिएरी ऑन्रीबरोबर खेळला, पुन्हा वास्को, आणि 2014 च्या सुरुवातीला, 39 व्या वर्षी, थांबला. नंतर टीव्हीवर समालोचन केलं. 2019 ते 2021 ह्या काळात लिऑनचा क्रीडा संचालक होता.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघात मध्यभागी खेळते. तिला ही किक शिकवता येईल का? (नागपूर)

उत्तर : येईल, पण आधी नको. फिरकी नसलेला चेंडू मारायचा म्हणजे पाऊल चेंडूच्या बरोबर मध्यावर, घोटा ताठ ठेवून लागावं लागतं. बोटभर चूक झाली की फिरकी आलीच. म्हणून तिला आधी साधा, पायाच्या आतल्या बाजूचा पास दोन्ही पायांनी नीट येऊ दे, मग फिरकीची किक, मग ही. चेंडू तिच्या वयाला योग्य मापाचाच द्या. जड चेंडूवर जोर लावून सलग फटके मारले की जांघेचा आणि मांडीचा स्नायू दुखावतो, आणि मुलं ते लपवतात. एका दिवसात थोड्याच किक मारायच्या, थकवा येण्याआधी थांबायचं. किक मारल्यावर चेंडू हवेत असताना त्यावरचे ठिपके किंवा शिवण तिला स्पष्ट दिसतात का ते तिलाच विचारा. स्पष्ट दिसले तर फिरकी गेली. धूसर दिसले तर अजून आहे. तिच्या प्रशिक्षकांना गोलमागे उभं राहून पाहू द्या, कारण चेंडूचं सरकणं बाजूनं दिसत नाही, समोरूनच दिसतं.